‘समजलं का?’ विचारून काही कळत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पदवीच्या पहिल्या वर्षाचे निकाल लागले की ‘मराठी माध्यमाची पोरं इंग्रजीत कच्ची’ असं म्हणून विषय मिटवला जातो. खानापूर, निपाणी, बेळगाव भागातली मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकून पुढं सायन्स-कॉमर्सला इंग्रजीत येऊन पडतात, हे खरंच. पण तासाच्या शेवटी ‘समजलं का?’ विचारलं की सगळा वर्ग ‘हो सर’ म्हणतो आणि पोर्शन पुढं सरकतो, यात इंग्रजीचा काय दोष?

त्याऐवजी तासाच्या मध्यावर फळ्यावर एक प्रश्न लिहावा. उदाहरणार्थ: चेंडू सरळ वर फेकला. अगदी टोकाला पोचला त्या क्षणी त्याचं त्वरण किती? (१) शून्य, (२) ९.८ वरच्या दिशेनं, (३) ९.८ खालच्या दिशेनं. व्याख्या घडाघडा म्हणणारी मुलंही ‘शून्य’ला बोट दाखवतात. चेंडू ‘थांबला’ म्हणजे सगळंच थांबलं, असा हिशेब असतो. त्वरणही शून्य असतं तर चेंडू तिथंच लटकून राहिला असता, हे शेजारच्या मुलानं सांगितलं की जेवढं पटतं तेवढं आपण तीनदा सांगूनही पटत नाही.

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात ही रीत रुजवली. मुलांनी एक मिनिट न बोलता विचार करून उत्तर वहीत लिहायचं. मग सगळ्यांनी एकदम, छातीशी धरून, बोटं दाखवायची. हात वर करायला लावले की मागचे बाक पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीकडं बघून बोटं ठरवतात. बरोबर उत्तरं साधारण ३० टक्क्यांच्या खाली असतील तर तो भाग पुन्हा शिकवावा. ७० च्या वर असतील तर थोडक्यात खुलासा करून पुढं जावं. मधे असतील तर दोन-तीन मिनिटं शेजाऱ्याशी वाद घालू द्यावा आणि पुन्हा बोटं मागावीत. तोवर बरोबर उत्तर सांगायचा मोह आवरावा. बहुतेकांचं इथंच बिघडतं. दुसरी चूक प्रश्नाची: ‘न्यूटनचा दुसरा नियम कोणता?’ हा पाठांतराचा प्रश्न, त्यावर वाद काय घालणार?

हा वाद मराठीत किंवा कन्नडमध्ये खुशाल होऊ द्यावा, शेवटचं उत्तर मात्र प्रत्येकानं इंग्रजीत एका वाक्यात लिहावं. रोजच्या बोलण्यात आपण फोर्स, पॉवर, एनर्जी या तिन्हींना ‘ताकद’ म्हणून मोकळे होतो. पुस्तकात बल, शक्ती, ऊर्जा असे तीन वेगळे शब्द आहेत. म्हणून वहीत तीन रकाने करावेत: इंग्रजी शब्द, घरच्या भाषेतला शब्द, स्वतःचं वाक्य. तासाला पाच-सात शब्द पुरे. कॉमर्सच्या मुलाला डेबिट-क्रेडिटला ‘नावे-जमा’, डेप्रिसिएशनला ‘घसारा’ हे एकदा जोडून दिलं की अर्धी भीती तिथंच जाते.

आठवड्याला दहा मिनिटांची चाचणी घ्यावी. दोन प्रश्न चालू भागावर, एक तीन आठवड्यांपूर्वीचा. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिलेलं जास्त टिकतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा चार वेळा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर सुमारे ४० टक्के आठवला. एकदा वाचून तीनदा आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. गंमत म्हणजे पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारेच पुढं होते. आदल्या रात्रीच्या घोकंपट्टीवर मुलांचा इतका विश्वास का, ते यावरून कळावं.

पेपर तपासण्याचं ओझं मोठं, हे मान्य. ६० पेपर, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे तीन तास. म्हणून लांब शेरे नकोत. समासात ‘सू’ (सूत्र), ‘ए’ (एकक), ‘चि’ (चिन्ह) एवढंच लिहावं आणि तेवढी ओळ मुलाकडून दुरुस्त करून घ्यावी. आठवड्याच्या आत परत न दिलेला पेपर मुलं नुसत्या मार्कांसाठी उलटून बघतात.

पहिल्या तासाला मात्र प्रश्न सुरुवातीलाच टाकू नये. खानापूर-चंदगडची बसपासवाली मुलं तेव्हा धापा टाकत दारात उभी असतात.

चांगले प्रश्न एकट्यानं सुचत नाहीत. विभागातल्या तिघांनी सेमिस्टरला वीस-वीस करून एका फाइलला लावले तरी साठ होतात, आणि बदलून येणाऱ्या नव्या प्राध्यापकाला ती फाइल आयती मिळते. प्राचार्यांनी येत्या सेमिस्टरपासून एवढी फाइल तरी सक्तीची करावी.

आपला,
एक प्राध्यापक, बेळगाव