जुनी स्पोर्ट्स कार घरी आल्यावर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुनी स्पोर्ट्स कार विकत घेण्यापूर्वी काय पाहावे, यावर वाहनविषयक पुरवण्यांतून भरपूर छापून येते. व्यवहार झाला, चावी हातात आली, आता पुढे काय, यावर मात्र फारसे कोणी लिहीत नाही. पहिल्याच आठवड्यात गाडीला पॉलिश होते, लाकडी स्टिअरिंग बसते, आणि वीस वर्षे जुन्या ब्रेक होजवर (ब्रेकच्या रबरी नळीवर) ती रस्त्यावर येते. अशा गाड्यांच्या कामात हात काळे करणारे आम्ही काही वाचक त्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

‘सगळं काम नुकतंच केलंय’ हे विकणाऱ्याचे वाक्य खोटेच असते असे नाही. पण ‘नुकतंच’ म्हणजे सहा वर्षांपूर्वी, आणि त्यानंतर गाडी जेमतेम चारशे किलोमीटर फिरली, असा त्याचा अर्थ पुष्कळदा निघतो. मीटरवरचा लहान आकडा पाहून खूश होण्यात अर्थ नाही. होज, सील, बेल्ट, टायर आणि ब्रेक ऑइल उभ्या गाडीतही म्हातारे होतात. उलट फिरत्या गाडीतले सील तेलात भिजलेले राहतात, उभ्या गाडीतले कोरडे पडून आक्रसतात. म्हणून ज्या कामाचे तारखेसह बिल हाती नाही, ते झालेलेच नाही असे धरावे.

तपासणीचा क्रम आमच्या मते असा हवा : गाडी पेटणार नाही ना, थांबेल ना, चाक जागेवर राहील ना. इंजिनाचा नंबर त्यानंतर.

पेट्रोलचे होज टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळेच बदलावेत. ‘बघून ठरवू’ हे इथे चालत नाही. जुन्या रबराला इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सोसत नाही. नळी आतून मऊ पडते, तिचे कण सुटून फिल्टरमध्ये आणि जेटमध्ये (कार्ब्युरेटरमधल्या बारीक छिद्रात) अडकतात आणि बाहेरून ती ठणठणीत दिसत राहते. कापडी वेष्टणाची नळी तर जास्तच फसवी, कारण भेगा कापडाखाली लपतात. नवी नळी इथेनॉलला टिकणारी आहे, असे तिच्यावर छापलेले असावे. दाते असलेली पट्टीची क्लिप बारीक नळीला कापते, तिथे गोल कडांची स्क्रू-क्लिप वापरावी. नळी सायलेन्सरच्या नळकांड्याजवळून किंवा डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) वरून जात असेल तर तिची वाट बदलावी. टाकीतले जुने पेट्रोल वार्निशसारखे वासू लागले असेल तर सगळे काढून टाकावे. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, ते पाणी तळाशी साचते आणि टाकी आतून गंजते. फिल्टरमध्ये तांबूस भुकटी दिसली तर ती तिथूनच आलेली असते.

आग विझवण्याचा दोन किलोचा सिलिंडर सीटवर बसल्या बसल्या हाताला लागेल असा ठेवावा. डिकीत ठेवलेला असून नसल्यासारखा. बॉनेटखालून धूर आला तर बॉनेट सताड उघडू नये, आत हवा शिरली की भडका उडतो. बोटभर फट करून तिच्यातून फवारा मारावा. त्याच दिवशी बॅटरीला कट-ऑफ स्विचही बसवून घ्यावा.

आता ब्रेक. इंजिन बंद ठेवून पेडल जोराने दाबावे आणि तीस सेकंद तसेच धरावे. पेडल हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठेच गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरचा (पेडलच्या जोराने ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या भागाचा) सील आतल्या आत ऑइल सोडतो आहे. पेडल स्पंजासारखे लागले तर लाइनमध्ये हवा आहे किंवा होज फुगतो आहे. रबरी होजचा आणखी एक आजार माहीत असायला हवा. तो आतून सुजून एकमार्गी व्हॉल्व्हसारखा वागतो : पायाचा जोर ऑइल पुढे ढकलतो, पण ते परत येत नाही आणि चाक धरलेलेच राहते. थोडे अंतर फिरून आल्यावर एकच चाक फार तापले असेल, तर त्याचा ब्लीडर (ब्रेकमधले ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) किंचित सैल करावा. चाक लगेच मोकळे झाले तर दोष होजचा किंवा त्याच्या मागचा. तरीही घट्टच राहिले तर कॅलिपरचा (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन जाम आहे. मागच्या ड्रममधल्या व्हील सिलिंडरच्या रबरी टोप्या उचलून पाहाव्यात. आत ओल दिसली की सिलिंडर बदलायचा, आणि लायनर (ब्रेकच्या घासपट्ट्या) ऑइलने भिजले असतील तर तेही. पुसून, पॉलिश पेपर मारून ते पुन्हा बसवण्याचा मोह टाळावा.

ब्रेक ऑइल पूर्ण बदलण्याला पर्याय नाही. डॉट ३ आणि डॉट ४ ही नेहमीची ब्रेक ऑइलं हवेतला ओलावा शोषतात. मानकानुसार कोरड्या डॉट ४ चा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पाणी शोषलेल्यासाठी ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटाच्या उतारावर पेडल अचानक पोकळ लागते ते यामुळे. साधारण एक लिटर नवे ऑइल घेऊन, मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकाकडून सुरुवात करून, स्वच्छ ऑइल येईपर्यंत काढत राहावे आणि दर दोन वर्षांनी हेच करावे. आधीच्या मालकाने सिलिकॉनचे डॉट ५ भरले असेल तर त्यात डॉट ४ मिसळू नये. दोन्ही एकजीव होत नाहीत. डॉट ५.१ हे नावाने जवळचे, पण जातीने डॉट ४ चेच भावंड. जग्वार ई-टाइपचे मागचे ब्रेक चाकांत नसून डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरच्या पेटीला) चिकटून असतात. त्यांच्या उष्णतेने डिफरन्शियलचे ऑइल सील जळतात आणि ऑइल डिस्कवर येते, म्हणून तिथे गाडीखाली शिरूनच पाहावे लागते.

टायरची नक्षी खोल आहे एवढ्यावर समाधान मानू नये. २००० सालापासूनच्या टायरच्या बाजूवर उमटवलेल्या डॉट क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात : ३२१४ म्हणजे २०१४ सालचा बत्तिसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर मागच्या शतकातला आहे, मग तो कितीही काळाभोर दिसो. दहा वर्षांपुढचा टायर काढूनच टाकावा आणि सहा वर्षांपुढच्याकडे संशयाने पाहावे. स्टेपनीही यात आली.

आऱ्यांची चाके असतील तर प्रत्येक आऱ्यावर पान्याने हलके टिचकी मारावी. घट्ट आरा खणखणतो, सैल आरा बदबद वाजतो. मग मागचे चाक जॅकवर उचलून, गाडी गिअरमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला ठेवून, चाक पुढे-मागे झटकावे. हबच्या (चाक ज्यावर बसते त्या भागाच्या) दात्यांवर ‘टक’ असा आवाज आला तर दाते झिजले आहेत. उद्या इंजिन फिरेल आणि चाक फिरणार नाही, किंवा ब्रेक लागेल आणि चाक थांबणार नाही. मधोमध एकच मोठा नट असतो त्याचे आटे डाव्या बाजूला उजवे आणि उजव्या बाजूला डावे असतात, म्हणजे चाक पुढे फिरते त्या दिशेने नट सुटतो. पूर्वी कोणी हब उलटसुलट बसवले असतील तर हा नट चालत्या गाडीत सैल होत जातो. चाक काढले की दात्यांना ग्रीस लावावे आणि बसवल्यानंतर पन्नासेक किलोमीटरवर नट पुन्हा आवळावा.

पुढचे चाक उचलून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून पाहणे सगळ्यांना माहीत असते. ट्रायम्फ स्पिटफायर किंवा जीटी६ घेणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट खास लक्षात ठेवावी. त्यांच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये खाली पितळी ट्रनियन (चाक धरणारा उभा लिंक ज्यात आट्यांवर फिरतो तो सांधा) असतो आणि त्यात ग्रीस नव्हे, गिअरबॉक्सचे घट्ट ईपी ९० ऑइल भरायचे असते. तिथे निप्पल दिसते म्हणून ग्रीसगन लावली जाते. ग्रीस आट्यांपर्यंत पोहोचत नाही, आत पाणी राहते, उभा लिंक आट्यांपाशी गंजून एके दिवशी मोडतो आणि चाक आडवे पडते. बहुतेक वेळा हे पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवताना होते, हे नशीबच म्हणायचे. लोटस एलानच्या मागच्या अ‍ॅक्सलवर रबराची रोटोफ्लेक्स कपलिंग (चाकांकडे जोर नेणारे लवचीक सांधे) असतात. प्रत्येक बोल्टभोवती भेगा आहेत का, ते टॉर्च लावून पाहावे.

इंजिन बराच काळ बंद असेल तर किल्ली फिरवण्याची घाई करू नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडावे, पान्याने क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) हाताने दोन फेरे फिरवावा, मग कॉइलची जोडणी काढून, प्लग बाहेरच ठेवून, स्टार्टरने ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत फिरवावे. नंतर इंजिन गरम झाल्यावर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्यावे : सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा, तो दहा टक्क्यांच्या आत असावा. कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकल्यावर आकडा वाढला तर रिंगा गेल्या आहेत, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

ट्रायम्फच्या इंजिनांत क्रँकचे थ्रस्ट वॉशरही (तिला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकत्या) तपासावेत. एकाने क्लच दाबावा, दुसऱ्याने पुढची पुली पाहावी. ती साधारण ०.२ मिलिमीटर सरकते ते ठीक. डोळ्यांना ठळक दिसेल इतकी सरकली तर इंजिन चालवूच नये, कारण वॉशर खाली संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) गळून पडला की क्रँक थेट ब्लॉकवर घासते. पोर्शे ९४४ किंवा फेरारी ३०८ असेल तर टायमिंग बेल्ट किती वर्षांचा आहे याचा कागद हवा. तो तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टनची टक्कर होते.

ऑइलच्या बाबतीत ‘सर्वांत महाग ते सर्वांत चांगले’ हा हिशेब जुन्या इंजिनांना लागू पडत नाही. सपाट टॅपेटच्या कॅमशाफ्टला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला) झिंक-फॉस्फरसचे संयुग लागते. आधुनिक गाड्यांच्या पातळ ऑइलमध्ये ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवण्यासाठी कमी केलेले असते. जुन्या ब्रिटिश इंजिनांना झिंकयुक्त २०डब्ल्यू-५० मानवते. पहिले ऑइल पाचशे किलोमीटरवरच बदलावे, आणि काढलेला फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडून पाहाव्यात. तांबूस चकाकी म्हणजे बेअरिंगचा थर. चुंबकाला चिकटणारा कीस म्हणजे कॅम, टॅपेट किंवा चेन. गिअरबॉक्समध्ये जीएल-५ दर्जाचे गिअर ऑइल डोळे झाकून ओतू नये, त्यातली गंधकाची रसायने पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) बाधू शकतात. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या गिअरबॉक्सला तर इंजिनाचेच ऑइल लागते. हवेने थंड होणाऱ्या पोर्शे ९११ ची ऑइलची पातळी इंजिन पूर्ण गरम करून, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून पाहायची असते. थंड इंजिनावर काडी कोरडी निघते, नवा मालक घाबरून एक-दोन लिटर ओततो आणि जादा ऑइल एअर फिल्टरमध्ये चढते.

एसयू कार्ब्युरेटरच्या डोक्यावरची टोपी काढून डॅशपॉटमध्ये (टोपीखालच्या ऑइलच्या नळीत) ऑइल आहे का, तेही पाहावे. टोपी परत बसवताना आटे लागण्याच्या साधारण ६ मिलिमीटर आधी विरोध जाणवला पाहिजे. नसेल तर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच इंजिन अडखळते आणि लोक विनाकारण जेट बदलत बसतात. कूलिंगचे काम सोपे : सगळे होज आणि थर्मोस्टॅट नवे, कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे, पाण्याच्या पंपाखालच्या बारीक छिद्रातून झिरप दिसली तर पंप नवा.

वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडले आहे ते पाहावे. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत आणि त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत प्लस टोक अर्थला असते. सवयीने उलटी जोडलेली बॅटरी रेडिओ किंवा नंतर बसवलेले अल्टरनेटर जाळते. बंद गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट, इंजिन थोडे वाढवल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावी. स्टार्टर फिरताना बॅटरीचे अर्थचे टोक आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यातला फरक मोजावा. तो ०.३ व्होल्टच्या वर गेला तर अर्थची पट्टी खराब आहे. मग स्टार्टरचा सगळा करंट चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून परत जातो आणि ती केबल लाल होईपर्यंत तापते.

पत्र्यासाठी एकच खूण सांगतो. गाडी जॅकवर चढवताना दरवाजाची फट पाहावी. उघड्या टपाच्या गाडीत सगळा भार खालच्या सिलवर (दरवाजाखालच्या पत्र्याच्या पेटीवर) असतो. जॅक चढताच फट मिटू लागली किंवा दरवाजा अडकू लागला, तर वरचा रंग कितीही चकाकत असो, सिल आतून संपली आहे. अशा सिलखाली जॅक लावू नये आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच शिरू नये, स्टँड हवेतच.

एक विनंती. इलेक्ट्रॉनिक इग्निशन, दुसरे कार्ब्युरेटर, कडक स्प्रिंगा ही सारी हौस पहिल्या वर्षी बाजूला ठेवावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तारखेसह वहीत लिहावी, नाहीतर बिघाड जुना की नवा हेच कळत नाही. काढलेले मूळ भाग, विशेषतः नंबर असलेले, भंगारात देऊ नयेत.

आणि रोज रात्री गाडीखाली कागद पसरून ठेवावा. सकाळी तपकिरी डाग दिसला तर इंजिनाचे ऑइल, गंधकाचा उग्र वास असलेला घट्ट थेंब मागच्या डिफरन्शियलचा, हिरवट किंवा निळसर ओल कूलंटची, चाकाच्या आतल्या बाजूला फिकट निसरडा थेंब दिसला तर त्या दिवशी गाडी हलवायचीच नाही. पेट्रोलचा डाग उरत नाही, नाकानेच ओळखावा लागतो. या कामाला आपल्या वर्तमानपत्राचे मधले पान पुरते, फक्त ते वाचून झालेले असावे.

आपले,
जुन्या गाड्यांचे काम करणारे काही वाचक