फोटोतले हात

चि. मुन्नी,
अनेक आशीर्वाद.

तुझा बायोडाट्याचा फोटो मामीनं दाखवला. स्टुडिओवाल्यानं तोंड एवढं उजळ केलं की आजी म्हणाली, "हे कोनाची पोरगी व्हय?" पण हात तसेच राहून गेले. मांडीवर ठेवलेले, सावळे, आणि तर्जनीवर दिवाळीत कापूस वेचताना बोंडाच्या टोकानं ओढलेली ती रेघ. मोबाइलवर मोठं करून करून मी ते हातच पाहत बसले.

मग वेचता वेचता तू सांगितलेली गोष्ट आठवली, जेम्स टिप्ट्री ज्युनियर यांची, 1973 ची. (हे पुरुषाचं नाव घेऊन लिहिणारी ॲलिस शेल्डन नावाची बाई होती, असं तू शेवटी सांगितलंस, तेव्हा तुझे बाबासुद्धा कापसाचं तास सोडून उभे राहिले.) बेढब म्हणून जीव द्यायला निघालेली सतरा वर्षांची पोरगी. कंपनी तिला जमिनीखाली यंत्राला जोडते आणि तिच्या मनावर दुसरंच एक देखणं शरीर चालवते. कशासाठी, तर जाहिरातीला बंदी असल्यानं लोकांनी त्या बाहुलीकडे पाहून माल घ्यावा म्हणून. बाहुलीचं नाव डेल्फी, पोरीच्याच फिलाडेल्फिया या नावातून तोडलेलं. डेल्फीवर भाळलेला पोरगा शेवटी खालीच येऊन पोचतो. खरी ती त्याच्याकडे धावते, तो घाबरून तिच्या तारा उपटतो, अन् ती मरते. त्या रात्री मला झोप नव्हती.

तू म्हणालीस, कंपनी नालायक. मी हो म्हटलं होतं. पण आपल्या घरची कंपनी मीच ना? पाचवीपासून बेसन-साय तुला मीच चोळली. "उन्हात जाऊ नको, रंग जाईल," हेही मीच म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी वावरात घेऊन जायची. अंगणवाडीत लेकरांच्या दंडाला कुपोषण मोजायची पट्टी लावते मी. 11.5 सेंटिमीटरच्या खाली लाल, 12.5 च्या वर हिरवं. लेकरू गोरं की काळं, ते त्या पट्टीला कळतच नाही. एवढी वर्षं ती पट्टी हातात धरून मला मात्र कळलं नाही.

तू सांगितलेली दुसरी गोष्ट मला जास्त भावली, बंगालच्या लेखिका रोकेयाबाईंची, 1905 सालची 'सुलतानाचं स्वप्न'. पुरुष घरात कोंडलेले, कारभार बायांचा, स्वयंपाक उन्हाच्या तापावर. (आपल्याकडच्या मे महिन्यात तेवढं तर आजही जमेल!) पण माझं मन अडकलं ते एका बारीक जागी. सुलताना भर दिवसा रस्त्यानं चालते आणि अंग चोरते, तर तिथल्या बाया हसून म्हणतात, ही पुरुषासारखी बुजरी दिसते. तिथं तिला वाईट नजरेनं पाहणारं कोणीच नव्हतं गं. लाज तिनं घरूनच आणलेली. तुझ्या होस्टेलच्या डब्यासोबत मीही तीच बांधून दिली.

मामीकडून तो फोटो परत मागवला. पाहुण्यांना यायचं तर येऊ दे, तुझं मन नसेल तर तसं कळव, बाबांशी मी बोलते. दिवाळीतला दुसरा एक फोटो सापडला, डोक्याला दुपट्टा, कमरेला कापसाची ओटी, डोळे उन्हानं मिचकावलेले. तोच द्यायचा म्हणते. बाबा म्हणाले, यात मुन्नी अगदी तुझ्यासारखी दिसते. दरवेळी मी "काहीतरीच तुमचं" म्हणते. यावेळी गप्प राहिले आणि फोटो पुन्हा एकदा पाहिला.

तुझी,
आई