सांध्यात सिमेंट नको, चुना हवा

संपादक महोदय,

जुन्या दगडी इमारतीची डागडुजी निघाली की निविदेत एक ओळ हमखास असते: ‘सांधे खरवडून सिमेंटने भरणे.’ माझी उमेदीची वर्षे अशाच भिंतींवर गेली. ती ओळ वाचली की मला आजही धस्स होते.

भिंतीत पाणी शिरतेच. जमिनीतून वर चढते, वरून झिरपते. दगडांमधला चुन्याचा सांधा सच्छिद्र असतो, त्यामुळे ते सांध्यावाटे सुकते आणि त्यातले क्षारही तिथेच साठतात. काही दशकांनी सांधा भुसभुशीत होतो. तो काढून नवा भरायचा, दगड शाबूत राहतो. ही वाट सिमेंटने बुजवली की पाणी दगडातून वाट काढते. वालुकाश्म किंवा चुनखडीसारख्या मऊ दगडात, पृष्ठभागाच्या आतच क्षारांचे स्फटिक वाढतात आणि पापुद्रे सुटू लागतात. थंड प्रदेशात तेच पाणी गोठून सुमारे ९ टक्के फुगते. शेवटी दगड खोल झिजलेला आणि सिमेंटच्या रेघा तेवढ्या पुढे आलेल्या, अशी भिंत उरते. त्यात सिमेंट स्वतःचेही क्षार घेऊन येते. पोर्टलँड सिमेंटचे पेटंट १८२४चे. त्याआधीच्या भिंतींना ते ठाऊकच नव्हते.

मजबुतीचा हा हव्यास अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन संगमरवरी मंदिरालाही भोवला. मूळ कारागिरांनी दगड एकमेकांना जखडणाऱ्या लोखंडी पकडींभोवती, त्या गंजू नयेत म्हणून, शिसे ओतले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत लोखंड तसेच उघडे बसवले गेले. ते गंजून फुगले आणि संगमरवर तडकला. पुढे त्या पकडी काढून टायटॅनियमच्या बसवाव्या लागल्या.

वाळूचा मारा करून दगड ‘उजळवणे’ही थांबवा. काळ्या थरासोबत दगडाचे अंगही जाते. पाणीरोधक लेप तर ओल्या, खारावलेल्या भिंतीवर कधीच मारू नये.

जुन्या भिंतींचे काम काढणाऱ्या प्रत्येक कार्यालयाला माझी कळकळीची विनंती आहे. आधी पन्हळी आणि पाण्याचा निचरा दुरुस्त करा. निम्मे दुखणे तिथेच असते. सांध्यात भरलेल्या जुन्या मसाल्याचा नमुना तपासून घ्या. नवा मसाला दगडापेक्षा मऊ आणि पाणी सुकू देणारा असावा, अशी अट निविदेत लिहा. आणि आधी भिंतीच्या छोट्या तुकड्यावर काम करून एक पावसाळा जाऊ द्या, मगच पुढचे बिल मंजूर करा.

आपला,
एक निवृत्त गवंडी