संकल्प वहीत उतरवा, गल्ला वेगळा करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीत आपल्याकडे दुकानादुकानांत, कारखान्यांत वहीपूजन होते. पहिल्या पानावर श्री, शुभ-लाभ आणि हळदकुंकू, दुसऱ्या पानापासून थेट जमाखर्च. ‘पाच-सहा वर्षांत स्वतःची जागा घ्यायची’, ‘मुलीला इंजिनिअरिंगला पाठवायचे’, ‘कर्जातून मोकळे व्हायचे’ हे पूजेच्या वेळी मनात असते, पण वहीत त्याला पान नसते. बँकेचा हप्ता सहसा चुकत नाही, कारण तो कागदावर असतो आणि त्याची तारीख ठरलेली असते. मनातल्या संकल्पाला तारीख नसते, म्हणून पैशाची ओढाताण झाली की आधी त्याच्यावरच गदा येते. नव्या वहीचे दुसरे पान संकल्पासाठी राखावे, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

त्या पानावर काय लिहायचे, हे एका उदाहरणाने सांगतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या शेडमध्ये एका सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्यांच्या ऑर्डरीप्रमाणे सुटे भाग करून देणारा लहान कारखानदार धरू. त्याला सहा वर्षांत स्वतःची शेड हवी आहे. आज जागा आणि बांधकाम मिळून 60 लाख लागतात आणि त्यातला चौथा हिस्सा, म्हणजे 15 लाख, स्वतःचा घालून बाकी कर्ज काढायचे, असा त्याचा विचार आहे. आवर्ती ठेवीवर साडेसहा टक्के व्याज धरले तर महिन्याला सुमारे 17 हजार रुपये पुरतील असे वाटते. पण सहा वर्षांनी ती शेड 60 लाखांत मिळणार नाही. किंमत वर्षाला सहा टक्क्यांनी वाढली तर ती 85 लाखांवर जाते, स्वतःचा वाटा 21 लाखांच्या पुढे जातो आणि महिन्याचा हप्ता 24 हजार होतो. आजच्या भावाने उद्याचा हिशेब करणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. मुलांच्या शिक्षणाच्या बाबतीत तर ती हमखास होते.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात. हे 24 हजार येणार कुठून? सगळा खर्च, मजुरी आणि मालकाचा स्वतःचा पगार जाऊन शंभरातले 15 रुपये उरत असतील, तर 24 हजारांसाठी 1 लाख 60 हजारांचे काम हवे. तासाला 400 रुपये दर धरला तर ते 400 तास होतात. दोन पाळ्या, 16 तास, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे बरोबर 400 तास. वीज जाणे, टूल बदलणे, सेटिंग, कामगाराची रजा हे धरता मशीन 80 टक्के चालले तरी पुष्कळ. म्हणजे हातात 320 तास आणि 19 हजार 200 रुपये. सहा वर्षांचा संकल्प इथेच अडतो. मात्र मुदत आठ वर्षांची केली तर किंमत वाढत जाऊनही (तोवर वाटा जवळपास 24 लाख होतो) 19 हजारांच्या हप्त्यात काम बसते. दोन वर्षे पुढे ढकललेला पण जमणारा संकल्प कधीही बरा. हे गणित काठोकाठ आहे, त्यात व्याजावरचा कर धरलेला नाही. म्हणून रिजेक्शन (नापास होणारा माल) कमी करून शंभरातले 15 चे 17 कसे होतील, हेही त्याच पानावर लिहावे.

आता उधारीकडे या. संकल्प सर्वांत जास्त इथेच मोडतात. वरच्या कारखानदाराचे महिन्याचे बिल 1 लाख 28 हजार. पैसे 90 दिवसांनी येत असतील तर 3 लाख 84 हजार कायम बाजारात अडकलेले, 45 दिवसांनी येत असतील तर त्याच्या निम्मे. मधला फरक 1 लाख 92 हजार, म्हणजे शेडचे दहा हप्ते. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला खरेदीदाराने 45 दिवसांच्या आत पैसे देणे बंधनकारक आहे. लेखी करार नसेल तर मुदत 15 दिवसांची. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होते. त्यासाठी लागणारी लहान उद्योगाची सरकारी नोंद, म्हणजे उद्यम नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होते. एजंटला त्यासाठी हजार-दोन हजार देऊ नयेत. नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर आणि ऑर्डर घेतानाच्या पत्रावर छापावा. मोठ्या गिऱ्हाइकाशी कायद्याची भाषा बोलायला लहान माणूस कचरतो हे खरे, पण क्रमांक छापलेला असला की पुष्कळदा बोलावेच लागत नाही.

सीमाभागातल्या व्यापाऱ्यासाठी एक वेगळी गोष्ट. निपाणीच्या दुकानदाराला कागल-कोल्हापूरची बाजारपेठ घरची वाटते, खानापूर-बेळगावच्या माणसाला चंदगडची. जीएसटीच्या दृष्टीने मात्र तो दुसऱ्या राज्यातला व्यापार आहे. कंपोझिशन योजनेतल्या (उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरणाऱ्या) लहान व्यापाऱ्याला दुसऱ्या राज्यात माल विकता येत नाही. जीएसटी नोंदणीच नसेल तर उलाढाल कितीही लहान असो, राज्याबाहेर माल विकण्यासाठी आधी नोंदणी करावी लागते. ‘तीन वर्षांत कोल्हापूरकडे धंदा वाढवायचा’ असे वहीत लिहिणाऱ्याने त्याखाली ‘पहिल्या वर्षी नियमित नोंदणी’ हीही ओळ लिहावी. नाहीतर पहिली मोठी ऑर्डर आल्यावर धावपळ होते आणि ऑर्डर हातची जाते.

महिन्याचा हप्ता सगळ्यांना जमत नाही, हे सल्ला देणारे विसरतात. चिकोडी, अथणी, रायबागच्या ऊसकऱ्याला पगारासारखे महिन्याला पैसे येत नाहीत. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत बिल देण्याची तरतूद आहे, तरी प्रत्यक्षात पैसे हप्त्याहप्त्याने हातात येतात. त्याने वर्षाचा संकल्प बिलाच्या दिवशीच वाटून टाकावा: आधी पीककर्ज, मग पुढच्या हंगामाचे बेणे-खत आणि खोडव्याचा खर्च, मग संकल्पाचा वाटा आणि उरेल ते घराला. हा क्रम उलटा झाला की बिलाच्या आठवड्यात मोटारसायकल येते आणि जून महिन्यात खतासाठी सोने गहाण पडते. वडगाव, शहापूर, खासबागच्या विणकराची मजुरी आठवड्याने येते, त्याला रोजची किंवा आठवड्याची पिग्मी, म्हणजे एजंट येऊन थोडी थोडी रक्कम गोळा करतो ती ठेव, सोयीची. मात्र पिग्मीला व्याज कमी असते. ती पैसे गोळा करण्यासाठी वापरावी, साठवण्यासाठी नाही. दर तीन महिन्यांनी रक्कम काढून मुदत ठेवीत टाकावी.

आणि ठेव कुठे आहे हे पाहावे. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, माणशी 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्था, सौहार्द सहकारी (कर्नाटकातल्या वेगळ्या कायद्याखालच्या) आणि मल्टिस्टेट (एकाहून अधिक राज्यांत चालणाऱ्या) पतसोसायट्यांना हा विमा लागू नाही. आपल्या भागात या संस्था गल्लोगल्ली आहेत आणि अनेकांचे व्यवहार चोख आहेत. तरीही एक-दीड टक्का जादा व्याजासाठी पंधरा वर्षांचा संकल्प एकाच सोसायटीत ठेवणे योग्य नाही.

गल्ल्याचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घर आणि दुकान एकाच गल्ल्यातून चालते तोवर कोणताही लांबचा संकल्प टिकत नाही. दुकानाचे चालू खाते वेगळे, घराचे बचत खाते वेगळे आणि मालकाने स्वतःला ठरावीक तारखेला ठरावीक पगार द्यायचा. मुलांच्या शिक्षणाचा पैसा धंद्याच्या वाऱ्यालाही ठेवू नये. त्यासाठी सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीपीएफ, व्यापाऱ्याला विशेष चांगला. मुदत 15 वर्षांची, वर्षाला कमीत कमी 500 आणि जास्तीत जास्त दीड लाख. कर्जदेण्यापोटी न्यायालयाच्या हुकुमानेही त्यावर जप्ती येत नाही. पैसे महिन्याच्या 5 तारखेच्या आत भरावेत, कारण 5 तारखेनंतर महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर व्याज धरतात. 6 तारखेला भरले तर त्या रकमेचे त्या महिन्याचे व्याज जाते.

हप्ता सुरू करण्याआधी घराचा तीन महिन्यांचा आणि धंद्याचा दोन महिन्यांचा बांधील खर्च (भाडे, मजुरी, वीजबिल, बँकेचा हप्ता) बाजूला हवा. नाहीतर मशीनचे स्पिंडल गेले की पहिला हात संकल्पाच्या पैशाला लागतो. लग्नसराई, गणपती, गावची महालक्ष्मी यात्रा यांना अचानक आलेला खर्च म्हणता येत नाही. यात्रा तर काही वर्षांच्या अंतराने येते आणि तिची चाहूल आधीपासून असते. पै-पाहुण्यांचे जेवण करायलाच हवे, पण त्यासाठी वेगळे खाते आतापासून भरत राहावे.

दर तीन महिन्यांनी एक दिवस ठरवून नवरा-बायकोने किंवा भागीदार भावांनी ते दुसरे पान उघडावे. चार आकडे पुरतात: हप्ते किती गेले, 45 दिवसांवरची उधारी किती, मशीन किती तास चालले, राखीव रक्कम शाबूत आहे का. वाईट महिन्यात हप्ता शून्य करू नये, तिसरा हिस्सा तरी भरावा, कारण एकदा सुटलेली सवय परत लागायला फार वेळ जातो. सलग दोन वेळा आकडा चुकला तर माणसाला दोष न देता रक्कम किंवा तारीख बदलावी, पण ती वर्षातून एकदाच, वहीपूजनाला. मध्येच स्वस्त प्लॉट किंवा जुने मशीन समोर आले तर 30 दिवस थांबावे. भावांच्या भागीदारीत त्या पानावर दोघांच्याही सह्या हव्यात. एकाला शेड हवी असते, दुसऱ्याला घर, आणि दोघेही एकाच शिलकीवर विसंबून असतात. हे कळते तेव्हा वाटणीची बोलणी सुरू झालेली असतात.

आपल्या दैनिकामार्फत पतसंस्था आणि सहकारी बँकांना एक विनंती. पिग्मीच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर तीन ओळी छापाव्यात: पैसे कशासाठी, किती, कोणत्या महिन्यापर्यंत. महिनाअखेरीस एजंटने शिलकीशेजारी ‘अजून किती बाकी’ हा आकडा लिहून द्यावा. छपाईचा खर्च नगण्य आहे, आणि पुढच्या दिवाळीची पुस्तके छापायला जाण्याआधी हे सहज करता येईल.

आपला,
लहान उद्योगांचे हिशेब पाहणारा एक वाचक,
टिळकवाडी, बेळगाव