सिकलसेलची चौकट वर्गात नीट शिकवावी

संपादक महोदय,
स. न.

नववीच्या विज्ञानात आनुवंशिकतेच्या धड्यात सिकलसेल या आई-वडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची माहिती आहे. मात्र सातपुड्याच्या ज्या अक्कलकुवा-धडगाव पट्ट्यात हा आजार लोकांच्या ओळखीचा आहे, तिथेही तो परीक्षेपुरती टीप म्हणून उरकला जातो, याचे वाईट वाटते. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल या घटकाऐवजी व्हॅलिन हा दुसरा घटक येतो आणि एवढ्याशा फरकाने, ऑक्सिजन कमी पडताच, गोल, लवचिक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होऊन बारीक रक्तवाहिनीत अडकते. हातपाय ठणकतात ते त्यामुळे.

विद्यार्थ्यांची गल्लत होते ती पुढे. आई-वडील दोघेही वाहक, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेले, असतील, तर दोघांच्या जनुकांच्या संभाव्य जोड्या दाखवणारी चार घरांची चौकट मांडून मुले ‘चारांपैकी एक आजारी’ असे लिहितात, पण पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तिन्ही सुटली, असा अर्थ काढतात. प्रत्यक्षात प्रत्येक अपत्याच्या वेळी आजाराची शक्यता २५ टक्के आणि वाहक होण्याची ५० टक्केच राहते. वाहकाला सहसा त्रास नसतो. उलट तीव्र हिवतापापासून त्याला बरेच संरक्षण मिळते, म्हणूनच हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकले. यात कोणत्याही घराण्याचा दोष नाही, हे सोयरीक जुळवताना मुलींच्या फार कामी येईल.

केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३पासून सुरू आहे. त्यातील पथकांनी आश्रमशाळांत रक्ततपासणी करतानाच, एक तास राखून, हीच चौकट फळ्यावर मांडून समजावून द्यावी, अशी विनंती आहे.

– एक विज्ञान शिक्षिका, शहादा (जि. नंदुरबार)