मॉरिशसहून आल्यावर, विजास

प्रिय विजा,

गणपतीत भांडून निघालो, त्यानंतर तुला एक फोन केला नाही. राग कशेडी घाट ओलांडायच्या आतच गेला होता, पण बोलायची लाज वाटत होती. तब्येत ठीक, साखर ताब्यात.

नोव्हेंबरात मंदारने आम्हा दोघांना मॉरिशसला नेलं. फ्लिक-आँ-फ्लाकजवळ आख्खा व्हिला घेतला होता. उसाच्या पाचटाने शाकारलेलं छप्पर, आमच्यापुरता पोहायचा तलाव, उघड्यावर न्हाणी, स्वयंपाकाला बाई. किनाऱ्याला सुरूची झाडं, थेट गुहागरसारखी. तू असतास तर पहिल्याच दिवशी तलावात सूर मारून सुमनच्या चहात पाणी उडवलं असतंस.

दुसऱ्या रात्री मंदार म्हणाला, "बाबा, गावचं घर असंच करू या. भाड्याने देता येईल." मोबाइलवर आराखडाही तयार होता. पडवीला काचा, आणि तलाव कुठे, तर खळ्यात!

विजा, मला रात्रभर झोप नाही. त्याचं बोलणं खोडताही येईना. कौलं दर मे महिन्यात तू चाळून घेतोस, वाळवी लागली की तू कळवतोस, किल्ली तुझ्याकडे. वर्षाचे दहा दिवस राहणारा मी कुठल्या तोंडाने नको म्हणू? गणपतीत तूही हेच बोललास, घर उघडं ठेव नाहीतर विकून टाक. मी ओरडलो. तुझं बरोबर होतं. (पण त्या वर्षी जाखडीच्या नाचात फेर तूच मोडलास. ते मात्र अजून कबूल कर.)

आणि तिसऱ्या दिवशी हे झालं. आमचं बोलणं ऐकून स्वयंपाकाच्या बाई दारातच थांबल्या. "तुम्ही मराठी? आम्ही पण." त्यांचं मराठी अडखळतं, शाळेत शिकलेलं; घरात तिथली क्रेओल बोली. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. आपल्या जाखडीला ते झाकरी म्हणतात. मी विचारलं, येते का? बाईंनी फडकं कमरेला खोचलं आणि कणकेचे हात तसेच धरून पायाने ठेका घेतला. विजा, तोच रे! पायात चाळ नव्हते, एवढंच. मला खुर्ची ओढून बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पोर्ट लुईसचा आप्रवासी घाट पाहिला. १८३४ पासून मजुरीच्या करारावर जवळजवळ पाच लाख माणसं हिंदुस्थानातून आली, बरीचशी त्या घाटावर उतरली. वर जायला सोळा दगडी पायऱ्या. मी मोजत चढलो. मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत त्यांची जुनी दफ्तरं आहेत. बाईंच्या भावाने तिथून पणज्याचा कागद काढलाय. जिल्हा रत्नागिरी, आणि गाव कारकुनाला ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलेलं. 'वारोली' असं काहीतरी वाचतं. "हे गाव कुठे आहे, काका?" मला सांगता येईना. वरवेली असेल? वेरळ? वहाळ? मंदार शेजारीच बसला होता. त्यानंतर त्याने आराखडा काढला नाही, पण पुसलाही नसणार.

त्याचं सगळंच चूक आहे असं मला म्हणवत नाही. घर पडण्यापेक्षा उभं राहिलेलं बरं. पण खळं मी देणार नाही. तलाव मागे, पोफळीच्या बाजूला बसेल का? आणि मुळात आपल्या विहिरीला मे महिन्यात तेवढं पाणी असतं का? माझं मन राखायला काही लिहू नकोस, खरं तेच लिही. कागदावर सही माझी लागणार आहे.

वहिनींच्या गुडघ्याचं काय ठरलं? धाकटीला नोकरी लागल्याचं सुमनकडून कळलं, तिला आशीर्वाद.

डिसेंबरात येतो. कागदाची झेरॉक्स सोबत आहे. तीस वर्षं पोस्टात तुझ्या हातून रत्नागिरीतल्या गावागावाचे पत्ते गेलेत, नीट बघ. बाईंना मी कळवतो म्हणून शब्द दिलाय.

तुझा,
अन्या