‘माय, ते पाणी तोंडाला लावू नगा’ : मंत्रिमहोदयांना खुलं पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

मागच्या वर्षी आपण नांदेडला आला होतात. घाटावर मांडव होता, गंगेची आरती झाली, आणि आपण माइकवरून सांगितलंत की त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत इथे जेट्टी होईल, नौकाविहार सुरू होईल, म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही बसल्या जागी घाटांचं दर्शन घडेल. माझी आई त्या गर्दीत होती. घरी येऊन तिने मला ते तीनदा सांगितलं.

त्रिपुरी गेली. जेट्टी झाली नाही, नाव मात्र आली. माघी पौर्णिमेला मी आईला तिथे घेऊन गेले, आणि आज तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे.

आमच्याकडे गोदावरी असं कुणी म्हणत नाही. गंगेवर जायचं, गंगेचं पाणी आणायचं. आईचं माहेर गंगाखेडचं, जनाबाईच्या गावचं. काशीला जायचं तिच्या मनात फार होतं, गुडघ्यांमुळे राहून गेलं. मग ती नाथांची गोष्ट सांगते. काशीहून आणलेली कावड त्यांनी तहानलेल्या गाढवाच्या तोंडात रिती केली, तेव्हा आपली गंगा इथेच आहे, असं म्हणून ती स्वतःची समजूत घालते. नावेत बसून पाण्यात एक दिवा सोडायचा, एवढीच तिची इच्छा होती.

शेवटच्या पायरीवरून नावेच्या काठावर एक फळी टाकलेली. धरायला दोर नाही, पायरीवर शेवाळ. नावेत आम्ही नऊ जण, त्यात तीन शाळकरी पोरं. लाइफ जॅकेट चार, त्यातल्या दोनांची बकलं तुटलेली. तिकीट माणशी ५० रुपये. थोडं पुढे गेलो नाही तोच इंजिनच्या पंख्यात जलपर्णी गुंतली. इंजिन बंद पडलं आणि नाव हळूहळू नाल्याच्या तोंडाकडे सरकायला लागली. काळं पाणी आणि हिरवं पाणी यांच्यामधली रेघ मी हातभर अंतरावरून पाहिली. नाकाला पदर लावून सगळे गप्प बसलो. आईने सवयीने ओंजळ खाली घातली, तसा नावाडी ओरडला, “माय, ते पाणी तोंडाला लावू नगा!”

वीस-बावीस वर्षांचं भोयाचं पोर. त्याच्या आज्यापणज्याने याच गंगेवर नावा चालवल्या आणि हेच पाणी प्यायलं. तो कोयता घेऊन छातीइतक्या त्या घाणीत उतरला, वेल कापले, नाव ढकलत काठाला आणली. उतरताना फळी सरकली आणि आई हातावर पडली. मनगट मोडलं.

घाटाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर उद्या नोटीस त्या पोराच्या हातात पडेल, दुसऱ्या कुणाच्या नाही.

मी शिवणकाम करते. हुक, काज आणि साड्यांचे फॉल आई करते, मी मशीनवर असते, दोघींच्या हातांवर घर चालतं. ऐन लग्नसराईत मी बावीस ब्लाउज न शिवता परत केले. एक्स-रे, प्लास्टर, औषधं, रिक्षा मिळून नऊ हजारांवर गेले. ते भरून निघतील. पण आईचा अंबाडा आता मी बांधते. सत्तर वर्षं स्वतःचे केस स्वतः विंचरलेली बाई माझ्यापुढे मान खाली घालून बसते आणि काही बोलत नाही. हे नुकसान कोणत्या अर्जात लिहायचं?

कायदा नाही म्हणावं, तर तोही आहे. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ साली अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा आला. इंजिनच्या नावेची नोंदणी, तपासणी, जीव वाचवायची साधनं, सगळं त्यात आहे. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची नाव उलटली, १२ लेकरं आणि २ शिक्षिका गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्याच राज्यात उजनीच्या पाण्यात ६ जण बुडाले. आमच्या नावेतली ती तीन पोरं घरी पोचली ती केवळ त्या भोयाच्या पोरामुळे.

आणि नावेचं सोडा, नदीचं काय? शहराच्या वरच्या अंगाला विष्णुपुरीत पाणी अडतं. ते आम्हीच पितो, ते हवंच. पण खाली घाटांपाशी वाहतं पाणी उरत नाही, उरतं ते नाल्यांचं. सांडपाण्यातला नत्र आणि स्फुरद खाऊन जलपर्णी फोफावते, पंधरा दिवसांत दुप्पट होते. नाले तसेच ठेवून मशीनने ती काढणं म्हणजे मुळं ठेवून गवत कापणं. पाणी प्रदूषणाचा कायदा १९७४ चा आहे. माझा जन्म त्याच्या नंतरचा.

वेळेत कामं होत नाहीत हे मी मान्य करणार नाही. २००८ साली गुरु-ता-गद्दीला, म्हणजे गुरु ग्रंथ साहिबला गुरुपद मिळाल्याला, ३०० वर्षं झाली, देशभरातून भाविक इथल्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात आले, तेव्हा याच शहरात रस्ते आणि घाट उभे राहिलेले आम्ही पाहिले. याच गंगेवर खाली बाभळीचा बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितलं की १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारं उघडी ठेवा. १ जुलैला दारं उघडतात. मागे न्यायालय असलं की तारीख पाळली जाते. समोर फक्त माझी आई असली की पाळली जात नाही.

नाशिकला २०२७ चा कुंभ आहे, हजारो कोटींची कामं निघालीत. जरूर करा, तीही हीच गंगा. पण ती त्र्यंबकला उगवून १४६५ किलोमीटर जाते, आणि मराठवाड्यात शिरली की तिच्याकडे बघणारं कुणी राहत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरला मंत्रिमंडळ बसलं, मराठवाड्याला ४५ हजार कोटींहून जास्तीचं पॅकेज जाहीर झालं. आम्ही दोन कोटी लोक धरले, तर माणशी साडेबावीस हजार होतात. आमच्या घरात दोन माणसं, म्हणजे पंचेचाळीस हजार. माझा हिशोब चुकत असेल, तर बरोबर हिशोब आपण द्या. त्या पैशातला एक कठडा तरी मला घाटावर दाखवा.

मला भरपाई नको. उतरायला पक्की जागा करा, धरायला कठडा लावा, माणसं तेवढी जॅकेटं द्या, आणि हे होईपर्यंत इंजिनची नाव थांबवा. ती थांबली, तर त्या पोराच्या मजुरीचं काय, तेही आपणच बघा. आणि नाल्यांचं पाणी गंगेत येणं बंद करा. तेवढं होत नसेल, तर पुन्हा आमच्या घाटावर आरतीला येऊ नका.

प्लास्टर निघायला अजून सोळा दिवस आहेत. त्या दिवशीचा पळसाचा द्रोण आणि वात आईने देवघरात जपून ठेवलीय, दिवा सोडायचा राहिला म्हणून. चैत्री पौर्णिमेला पुन्हा जाऊ म्हणते. मी अजून हो म्हटलेलं नाही.

आपली,
नांदेडची एक रहिवासी